नाक्याच्या अलीकडून

सावळदरा नाका, जि. बुलढाणा
१९ एप्रिल १९६६

दादास,
सप्रेम जय भीम.

जयंतीला तू येशील असं वाटलं होतं. तू आला नाहीस, तुझा अंक आला. शाळेतल्या शंकरराव मास्तरांनी आणून दिला. त्यांनी पान मुडपूनच आणलं होतं, त्यामुळं शोधावं लागलं नाही. तुझं नाव छापलेलं पाहिलं. खाली औरंगाबाद.

कविता आधी मी वाचली नाही, यांनी वाचली. मी बाळाला पाजत होते. हे नाक्यावरून आले आणि बूट न काढताच उंबऱ्यावर बसून, बोट ठेवून ठेवून, मोठ्यानं वाचायला लागले.

या मातीच्या पोटावर रेघ कोणी ओढली?
रेघेवर श्वान बसले आहेत
भुकेची गाठोडी हुंगत.

तिथं थांबले. "श्वान म्हंजे काय वं?"

मी म्हटलं, "पहारेकरी."

"हाव का," म्हणाले आणि पुढं वाचत गेले. शेवटपर्यंत वाचली. मग अंक माझ्याजवळ ठेवला. "भाऊरावनं चांगलं लिह्यलं. सारं नाई समजलं, पन चांगलं लिह्यलं." आणि पाय धुवायला गेले.

दादा, तू सरहद्द लिहिलं आहेस. वाचणाऱ्याला वाटेल की इथं तारा आहेत, बंदुका आहेत. इथं एक आडवा बांबू आहे. एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी. अलीकडं बुलढाणा जिल्हा, पलीकडं औरंगाबाद जिल्हा. इकडची जवारी तिकडं न्यायची नाही असा सरकारचा हुकूम आहे, म्हणून बांबू. खाण्यापुरती नेली तर चालते. खाण्यापुरती म्हणजे किती, हे नाक्यावरचा माणूस ठरवतो. आबांना विचार, ते सांगतील. त्यांच्या लहानपणी याच जागी निजामाचा नाका होता, आणि ते अजून पलीकडच्याला मोगलाईच म्हणतात. महाराष्ट्र झाला तेव्हा त्यांनी साखर वाटली होती, आता सगळं एक झालं म्हणून.

बाईनं शिपायाला शाप दिला असं तू लिहिलंस. तसं मी तुला सांगितलं नव्हतं.

आणखी एक. नाक्यावर काठ्या चालल्या त्या दिवशी हे ड्यूटीवर नव्हते. डाक घेऊन बुलढाण्याला गेले होते. जानेवारीत तू बाळाला पाहायला आलास तेव्हा मी हे तुला सांगितलंच असेल. माझ्या लग्नाला तू आला नव्हतास. पोलिसाला बहीण द्यायची नाही म्हणालास, आबांनी ऐकलं नाही. चार वर्षांनी आमच्या दारात आलास. मला वाटतं पुन्हा येत जावंस. म्हणून लिहिते, ही कविता बुलढाण्याकडं कुठं वाचू नकोस.

बाळ बरं आहे.

पंचफुला


सावळदरा नाका
२ जून १९६६

दादास, जय भीम.

तुझं पत्र पोचलं. नागपूरला कविता वाचलीस तेव्हा लोक उठून उभे राहिले, आणि कोणा आमदारानं ती मुंबईला नेली, आता चौकशी लागणार, हे समजलं. चौकशीच्या आधी त्या दिवशीचं सगळं नीट लिहून पाठव म्हणतोस, शिपायाच्या नावासकट. लिहिते.

सोजराबाई आणि तिचा नवरा कडूबा पलीकडचे, आंबेवाडीचे. इथून दोन कोस. आपल्यातलेच आहेत. दिवाळीनंतर त्यांच्या गावची बरीच माणसं पाटलाच्या कपाशीला आणि जवारीला आली होती. आमच्या खोल्यांच्या मागं पालं टाकून राहिली. मी तेव्हा ओली बाळंतीण होते आणि इथं माझं कोणी नव्हतं. सोजराबाई वावरातून आली की हात धुऊन बाळाला तेल लावायची, शेक द्यायची. तिला मूल नाही. कडूबा बाहेर बसून राहायचा. फार बोलणारा माणूस नव्हता.

काम संपलं, मजुरी जवारीत मिळाली, आणि ते परत निघाले. सकाळची वेळ होती. चोरून जात नव्हते, सडकेनंच आले. अर्जुनराव हवालदारांनी बांबू खाली घेतला.

"खाली ठेवा बे सारं. जवारी जिल्ह्याभाईर नेता येत नाई."

कडूबा पुढं होता. म्हणाला, "साहेब, इकत घेतलेली न्हाई. मजुरीची हाय."

"किती हाय?"

"खायापुरती."

"पोतं भरून खातं का बे तू?"

सगळे हसले. कडूबाही हसला. मला वाटलं आता सोडतील.

मग हवालदारांनी एका शिपायाला त्याचं पोतं उतरवून घ्यायला सांगितलं. कडूबानं सोडलं नाही, शिपायानं सोडलं नाही, आणि पोतं उसवलं. जवारी सडकेवर सांडली. बाया ओरडत पुढं आल्या. मागून कोणीतरी दगड मारला, तो तुळशीराम शिपायाच्या कपाळाला लागला. रक्त आलं. तेवढ्यात काठ्या निघाल्या. कडूबा तेव्हा खाली बसून सांडलेली जवारी उपरण्यात भरत होता. काठी त्याच्या कानामागं बसली.

तो पडला नाही. बसलेलाच राहिला. सोजराबाईनं त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. तो म्हणाला, "काय न्हाई, चाल." उठला, बांबूखालून वाकून पलीकडं गेला. जवारी सगळी इकडं राहिली.

काही वेळानं सोजराबाई एकटी परत आली. माझ्या दारात उभी राहिली. "ताई, एखादं पोतं असंल तर द्या. अंथराया." मला वाटलं कडूबाला घटकाभर निजवायचं असेल. घरातलं चांगलं पोतं झटकून दिलं. तिनं बाळाच्या पायाला हात लावला आणि गेली.

दुपारी पाण्याला गेलेल्या बाया सांगत आल्या, पलीकडच्या चिंचेखाली माणूस मेला म्हणून.

एवढंच झालं. तिनं शाप दिला नाही. तिनं पोतं मागितलं.

चिंच औरंगाबाद जिल्ह्यात येते, त्यामुळं इकडं काही लिहिलं गेलं नाही. तिकडचे म्हणाले मार इकडं लागला, त्यामुळं तिकडंही नाही.

शिपायाचं नाव विचारतोस. नाक्यावर तेव्हा तीन-चार शिपाई होते. काठी कोणाची होती ते मला दारातून दिसलं नाही.

ऊन फार आहे. छपराचे पत्रे तापतात. बाळाला ओल्या फडक्यात ठेवते.

पंचफुला

ता. क. श्वान म्हणजे काय ते यांनी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी सांगितलं. मला हे काही बोलले नाहीत.


सावळदरा नाका
१८ जुलै १९६६

दादास, जय भीम.

तू येऊन गेलास. सोबत दोन पाहुणे आणि कॅमेरा घेऊन येशील असं कळवलं नव्हतंस, नाहीतर चार भाकरी जास्त टाकल्या असत्या.

तू बाहेरच्या खोलीत बोलत होतास तेव्हा मी चुलीपाशी होते. सगळं ऐकू येत होतं. "सहदेवराव, तुम्ही त्या दिवशी नव्हता हे बरं झालं," असं तू यांना म्हणालास. यांचा हात हातात घेऊन म्हणालास, "पण तुम्हाला नाव माहीत असेल. तुम्ही आमचे आहात. तुम्ही नाव सांगाल." हे म्हणाले, "पाहू."

मग कॅमेरावाल्या पाहुण्यांना बांबूपाशी एक शिपाई उभा करून हवा होता. तुळशीराम तयार होईना. तू यांना म्हणालास, "तुम्हीच उभे राहा हो, चेहरा दिसणार नाही असा काढतील." हे काठी घेऊन उभे राहिले. पाहुणे म्हणाले, काठी जरा वर धरा. यांनी वर धरली.

तुम्ही गेलात. यांनी कुऱ्हाड घेतली आणि मागची लाकडं फोडायला बसले. पाऊस भुरभुरत होता. मी दोनदा जेवायला बोलावलं. सगळा पावसाळा पुरतील एवढी लाकडं फोडली, मग आत येऊन निजले.

त्यानंतर चौकशीचे साहेब आले. नाक्यावर टेबल टाकलं. अर्जुनरावांनी आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माणूस उपाशी होता, चक्कर येऊन पडला. तुळशीरामानं तसं सांगितलं. यांनीही तसंच सांगितलं असेल, मी विचारलं नाही.

साहेबांनी मलाही बोलावलं. माणूस चांगला होता, बसायला सांगितलं.

"तुम्ही इथंच राहता. काय पाहिलं?"

"मी बाळाला न्हाऊ घालत होते."

"आरडाओरडा ऐकला असेल."

"बाळ रडत होतं."

"दुसरं काही?"

"दुसरं काही नाही."

त्यांनी लिहिलं तिथं मी सही केली. पंचफुला सहदेव, असं. अक्षर चांगलं आहे म्हणाले.

तुला राग येईल. मी सांगितलं नाही तरी तुला कळणारच, म्हणून मीच लिहिते.

पंचफुला


सावळदरा नाका
११ सप्टेंबर १९६६

दादास, जय भीम.

तुझी दोन पत्रं आली. पहिलं मी उघडलं नाही. दुसरं यांनी उघडलं. ज्या बहिणीला मी अक्षर शिकवलं तिनं त्याच अक्षरानं खोट्याखाली सही केली, आणि आता मला बहीण नाही, असं तू लिहिलंस. यांनी ते बोट ठेवून वाचलं. घडी करून परत पाकिटात घातलं. म्हणाले, "लिहून टाक त्याले."

"काय लिहू?"

"मी होतो म्हनून लिह."

"काऊन?"

"त्याले मालूम नाई म्हनून तो तुह्यावर रागावून राह्यला. मालूम झालं तं माह्यावर रागावन."

म्हणून लिहिते. काठी यांची होती. पोतं ओढायला सांगितलं तेही यांनाच. बुलढाण्याला डाक घेऊन गेले होते हे मी बनवून सांगितलं. मी दारातून सगळं पाहिलं होतं.

तुळशीराम यांच्या बाजूलाच उभा होता. त्याचं रक्त यांच्या तोंडावर उडालं. दगड कोणी मारला ते दिसलं नाही. त्याबद्दल हे एकदाच बोलले. म्हणाले, "समोर जो होता त्याले मारलं." कडूबा समोर होता. त्या माणसानं आमच्या बाळासाठी पालापाशी बसून बोरूची पिपाणी केली होती, हे यांना माहीत होतं. मारताना तो कडूबा आहे हे दिसलं की नाही, ते मी विचारलं नाही. विचारावंसं वाटत नाही. काहीच विचारावंसं वाटत नाही. सकाळी उठते, पाणी आणते, भाकरी टाकते. हे नाक्यावर जातात, येतात. बाळाला दात आले.

नाव आता तुझ्याकडं आहे. काय करायचं ते तू ठरव. कर म्हणत नाही, करू नकोही म्हणत नाही.

पंचफुला


सावळदरा नाका
२२ डिसेंबर १९६६

दादास, जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. रोज वाट पाहिली असं नाही, पण पोस्टमन आला की हे बाहेर येऊन उभे राहायचे. तुझं पत्र नाही म्हटलं की आत जायचे.

मग मास्तर तुझं पुस्तक घेऊन आले. कापडी बांधणी आहे, चांगलं दिसतं. मी ती कविता शोधली. पुन्हा पहिल्या पानापासून शोधली. ती नाही. मास्तर म्हणाले, "छापाची राह्यली असन."

तू कोणासाठी काढलीस ते मला समजलं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. रात्रीचा स्वयंपाक झाला, भांडी घासली, तरी वाटलं नाही.

यांना सांगितलं. "काढली?" म्हणाले.

"हाव."

"काऊन काढली? चांगली होती."

आता दुसरं. आंबेवाडीची माणसं यंदाही आली आहेत, आणि सोजराबाई आली आहे. खोल्यांच्या मागं, मागच्याच जागी पाल टाकलं. मला कळलं तेव्हा मी दार लावून बसले. ती संध्याकाळी हात धुऊन आली. दार वाजवलं नाही, हाक मारली. मी उघडलं. तिनं बाळाला उचललं. "केवढा झाला," म्हणाली. मग तेल मागितलं. त्याला पायावर घेऊन तेल लावलं. तो तिच्या बांगडीशी खेळत होता. मागच्या वर्षी तिच्या हातात हिरव्या होत्या, आता एकच पितळेची आहे.

मी म्हटलं, "सोजराबाई, तुम्हाला माहीत आहे ना?"

"मी तिथंच व्हते की ताई."

"मग चौकशीला साहेब आले तेव्हा का नाही आलात?"

"चौकशी झाली?" म्हणाली. "मला कोन इचारलं?"

दादा, साहेब बांबूच्या अलीकडं बसले आणि अलीकडूनच गेले. तूही आलास, बांबूचा फोटो काढलास. आंबेवाडी तिथून दोन कोस आहे. तुझ्याबद्दल तक्रार म्हणून लिहीत नाही. मीही एवढ्या दिवसांत गेले नव्हते.

तिचं असं झालं आहे. कडूबाला जमिनीचा एक तुकडा वाट्याचा होता. दीर म्हणतात, तो दारू पिऊन वाटेत मेला, आणि हिनं इज्जत राखायला पोलिसाचं नाव घेतलं. तिला घरात घेत नाहीत. ती गावात भावाच्या ओट्यावर राहते. मी विचारलं, सासरा काय म्हणतो? त्याचं नाव शालिग्राम, म्हातारा आहे. ती म्हणाली, "त्यो म्हनतो, पोलिसानं मारलं तर पोलिसानं येऊन सांगावं. तुहं कसं खरं मानू?"

मग मी तुझा जुना अंक काढला आणि कविता तिला वाचून दाखवली. का वाचली ते सांगता येत नाही. तिला दाखवण्यासारखं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. ती बाळाला थोपटत ऐकत होती. बाई शाप देते तो भाग आला तेव्हा तिचे डोळे भरले.

"चांगलं हाय," म्हणाली. "कोनाची बाई ही?"

"तुम्हीच."

"मी कव्हा शिव्या दिल्या?" म्हणाली. आणि मग, "आन् त्यायचं नाव न्हाई कुठं."

मी पुन्हा पाहिलं. खरंच नाही. कडूबाचं नाव तुझ्या कवितेत कुठंच नाही.

हे दारात उभे होते. कधी आले ते कळलं नाही. सोजराबाईनं पदर नीट केला, बाळाला खाली ठेवलं आणि यांच्या बाजूनं बाहेर गेली. हे सरकून उभे राहिले.

पंचफुला


जानेफळ
२६ फेब्रुवारी १९६७

दादास, जय भीम.

पत्ता पाहून समजलं असेल, आम्ही आबांकडं आलो आहोत. नाक्यावरची खोली सोडली. कसं झालं ते लिहिते. आबा तुला त्यांच्या पद्धतीनं कळवतील, त्याआधी माझं वाच.

जानेवारीत पाटलाचं काम संपलं आणि आंबेवाडीची माणसं निघाली. त्या दिवशी यांनी रजा घेतली. साधा सदरा घातला. मला म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"तिच्या सासऱ्याकडं."

मी बाळाला कडेवर घेतलं. सोजराबाईला यांनी काही विचारलं नाही. तिच्या डोक्यावरचं पोतं घेतलं आणि आपल्या खांद्यावर टाकलं. तिनं घेऊ दिलं.

नाक्यावर अर्जुनराव होते. "कोनाचं पोतं बे, सहदेव?"

"हिची मजुरी हाय."

"तुले कायदा मालूम नाई का?"

"मालूम हाय."

अर्जुनरावांनी यांच्याकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं, माझ्या कडेवरच्या बाळाकडं पाहिलं. "अर्धी ठेव," म्हणाले. यांनी पोतं सोडून अर्धी जवारी तिथं ओतली. उरलेली बांधली. दुसऱ्यांचीही त्यांनी त्या दिवशी अर्धीच ठेवून घेतली. आम्ही पलीकडं गेलो. चिंच वाटेवरच आहे. सोजराबाई तिथं थांबली नाही, म्हणून आम्हीही थांबलो नाही.

शालिग्राम अंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत नव्हतं. हे पहिल्यांदा हळू बोलले. म्हाताऱ्यानं कानाला हात लावला, "आँ?" केलं. मग यांना मोठ्यानं सांगावं लागलं, आणि सगळी आळी गोळा झाली.

"मी नाक्यावरचा शिपाई. तुमच्या पोराले माह्या काठीनं मार लागला. तो दारू प्याला नव्हता. खाली बसून जवारी भरून राह्यला होता."

म्हाताऱ्याचे हात दोरावर तसेच राहिले. "दगड त्यानं मारला व्हता?"

"नाई."

"मंग?"

मी पहिल्यांदाच यांच्याकडं पाहत होते, वर्षभरात पहिल्यांदा. ओठ हलत होते, तुझी कविता वाचताना हलायचे तसे.

"समोर होता," म्हणाले.

धाकटा दीर पायातली वहाण काढून उठला. म्हातारा म्हणाला, "बस." तो बसला. मग म्हाताऱ्यानं यांना जवळ बोलावलं.

"कोन्या हातानं मारलं?"

यांनी उजवा हात पुढं केला. म्हाताऱ्यानं तो धरला नाही, नुसता पाहिला. किती वेळ पाहिला ते मला सांगता येणार नाही. बाळ माझ्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होतं.

मग म्हातारा यांच्याकडं पाठ करून म्हणाला, "सोजरा, घरात जा. भाकर टाक."

ती उभीच होती. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती खाली वाकली, उंबऱ्याला हात लावला आणि आत गेली. दोघे दीर बाजूला झाले.

आम्हाला कोणी पाणी विचारलं नाही. ते बरोबरच होतं. आम्ही निघालो. गावाबाहेर आल्यावर हे सडकेच्या कडेला बसले आणि रडायला लागले. मी जवळ उभी राहिले. मला रडू आलं नाही. मला वाटलं होतं आता येईल.

दुसऱ्या दिवशी यांनी साहेबांना अर्ज लिहिला. शब्द मी सांगितले नाहीत, यांनीच लिहिलं. चुका होत्या, मी सुधारल्या नाहीत. आधी चौकशीत खोटं सांगितलं हेही लिहिलं. अर्जुनराव हात जोडून आले, सगळ्यांना घेऊन बुडशील म्हणाले. यांनी सांगितलं, "मी माह्यंच लिह्यलं, तुमचं काई नाई." मग यांना कामावरून थांबवलं. खटला होईल, होणार नाही, कोणी धड सांगत नाही. माझ्या सहीबद्दल मलाही बोलावतील. बोलावलं तर जे पाहिलं ते सांगेन.

सध्या हे मेहकरच्या सडकेवर खडी फोडायला जातात. आबा यांच्याशी बोलत नाहीत, पण सकाळी भाकरी बांधून झाली की ती यांच्या हातात आबाच देतात.

आता तुझ्या कवितेचं. ती तू माझ्यासाठी पुस्तकातून काढलीस. माझ्यासाठी काढू नकोस. पुन्हा छापायची असेल तर कडूबाचं नाव त्यात घाल, आणि सहदेवचंही घाल. मी यांना विचारलं आहे. नवऱ्याचं नाव मी कागदावर असं लिहिलेलं पाहून आबा रागावतील, पण लिहिते. दोन्ही माणसांना नाव आहे.

आणि छापण्याआधी आंबेवाडीला जा. एस. टी. नाक्यापर्यंत येते, पुढं चालावं लागतं. वेशीतून शिरलं की डाव्या हाताला लिंबाचं झाड, त्याच्या समोर शालिग्रामचं घर. सोजराबाई दुपारी वावरात असते, म्हणून सकाळी लवकर जा. भाऊ आहे म्हणून सांग माझा. ती बसायला टाकेल. मग तिला सगळी वाचून दाखव आणि विचार. ती म्हणेल तिथं बदल. नको म्हणाली, तर छापू नकोस.

तुझी,
पंचफुला